योसेमिटीची नावं परत आली, किंमत कुणी मोजली?

जुलै २०१९ मध्ये नावांवरच्या खटल्यात तडजोड झाली आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तीन वर्षं मिरवलेली उसनी नावं उतरू लागली. 'मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल' पुन्हा 'अवानी' झालं, 'बिग ट्रीज लॉज' पुन्हा 'वावोना', 'हाफ डोम व्हिलेज' पुन्हा 'करी व्हिलेज'. बे एरियातल्या मराठी घरांना हे उद्यान परकं नाही. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की त्यांना योसेमिटी दाखवणं ठरलेलंच असतं. त्यामुळे नावं परतल्याचा आनंद तिथेही झाला असेल. तो मलाही झाला. पण तडजोडीचे तपशील वाचल्यावर तो टिकला नाही.

एकूण १ कोटी २० लाख डॉलर. त्यातले ८१ लाख ६० हजार आताची ठेकेदार कंपनी अॅरामार्कने दिले आणि ३८ लाख ४० हजार अमेरिकी सरकारने. घेतले कोणी, तर ठेका गमावून २०१६ मध्ये बाहेर पडलेल्या डेलावेअर नॉर्थने. सरकारी जमिनीवरच्या सरकारी इमारतींना त्यांचीच जुनी नावं लावता यावीत म्हणून लोकांच्या तिजोरीतून पैसे गेले. हे मला पटत नाही. आणि हे पहिल्यांदा घडलेलंही नाही.

३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीची दरी आणि मारिपोसातली महावृक्षांची राई लोकांसाठी कायमची राखून कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली. त्या कायद्यात एक छोटी तरतूद आहे. दरीतल्या जागा भाड्याने देता येतील, पण जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, आणि येणारं उत्पन्न दरीच्या जतनावर आणि रस्त्यांवर खर्च करायचं. हॉटेलवाल्याला येऊ द्या, धंदा करू द्या, पण मुळं रुजू देऊ नका, असा तो विचार होता. पुढच्या दीडशे वर्षांत ठेक्यांविषयी इतकं शहाणपण क्वचितच दिसलं.

ते शहाणपण पहिल्याच माणसाने कसाला लावलं. जेम्स मेसन हचिंग्ज मूळचा इंग्लंडचा, सोन्याच्या लाटेत कॅलिफोर्नियात आलेला. १८५५ मध्ये पर्यटकांची पहिली तुकडी योसेमिटीत नेली ती त्याने. मग मासिक काढून त्यातल्या लेखांनी आणि चित्रांनी दरीची कीर्ती दूरवर नेली. कायदा झाला त्याच वर्षी त्याने दरीतलं एक लाकडी हॉटेल विकत घेतलं. खोल्यांमध्ये भिंती नव्हत्या, नुसते कापडाचे पडदे होते, आणि दिवा लागला की शेजारच्या पाहुण्याची सावली पडद्यावर उमटायची. फळ्यांसाठी हचिंग्जने लाकूडगिरणी घातली आणि ती चालवायला एक स्कॉटिश तरुण ठेवला. त्याचं नाव जॉन म्यूर. पुढे जंगलांच्या रक्षणासाठी अमेरिका हलवणारा माणूस योसेमिटीत सुरुवातीला हॉटेलवाल्याचा नोकर होता. हॉटेलात एक खोली अशीही बांधली होती की तिच्या मधोमध जिवंत देवदार उभा होता. झाड न तोडता त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या होत्या. या माणसाचं दरीवर प्रेम होतं, याविषयी मला शंका नाही.

पण त्याला जमीन हवी होती. भाडेपट्टा घ्यायला तो तयार होईना. मी आधी वसलो म्हणून १६० एकर माझे, असा त्याचा दावा. राज्याच्या विधिमंडळाने त्याला मान्यता दिली, वॉशिंग्टनच्या सिनेटने दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७२ मध्ये तो हरला. सरकारी जमिनीवर नुसतं जाऊन राहिल्याने हक्क तयार होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तरीही १८७४ मध्ये राज्याने त्याला २४ हजार डॉलर दिले, आणि पुढच्या वर्षी हॉटेल सोडायला लावलं.

त्याने लावलेल्या फळ्यांचे, घातलेल्या कुंपणाचे, मजुरीचे पैसे द्यायला हवेत, हे मला मान्य आहे. पण पाहुणे त्या पडद्यांच्या खोल्यांसाठी येत नव्हते. ते समोरच्या धबधब्यासाठी येत होते, आणि तो हचिंग्जने बांधलेला नव्हता. धंद्याच्या किमतीत जागेची किंमत केव्हा मिसळली जाते, हे तेव्हाही नीट कुणी वेगळं काढलं नाही. १८८० मध्ये हाच हचिंग्ज दरीचा सरकारी रक्षक नेमला गेला. १९०२ मध्ये दरीत उतरणाऱ्या रस्त्यावर घोडा बुजला, हचिंग्ज गाडीतून फेकला गेला आणि तिथेच गेला. त्याची समाधी योसेमिटीतच आहे.

रस्त्यांचीही तीच कथा. कोल्टरव्हिलच्या कंपनीला उत्तरेकडून दरीत येणाऱ्या टोलरस्त्याचा एकाधिकार दिला. तिचा रस्ता जून १८७४ मध्ये पोचला. विधिमंडळाने मात्र बिग ओक फ्लॅटच्या रस्त्यालाही परवानगी दिली आणि तो महिनाभरात येऊन भिडला. एकाधिकाराच्या भरवशावर पैसा ओतणारे बुडाले. दक्षिणेच्या वावोना मार्गावर वॉशबर्न बंधूंनी वेगळी शक्कल लढवली. रस्ता त्यांचा, घोडागाड्या त्यांच्या, मुक्कामाचं हॉटेलही त्यांचंच. १८८१ मध्ये त्यांच्या गाडी-कंपनीने ७५ डॉलर देऊन एका जिवंत महावृक्षाच्या बुंध्यातून बोगदा कोरून घेतला, प्रवाशांसह गाडी आरपार जावी म्हणून. ते झाड १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने कोसळलं. ठेकेदाराला जाहिरात हवी असते तेव्हा जंगलाचं काय होतं, याचा इतका उघडा पुरावा दुसरा नाही.

१८९९ मध्ये डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्याने सात तंबू टाकले आणि दिवसाला दोन डॉलरमध्ये जेवणखाण आणि अंथरूण देऊ केलं. सामान्य माणसाची योसेमिटी तिथून सुरू झाली. रात्री कड्यावरून निखारे सोडून आगीचा धबधबा दाखवायचा जुना खेळ करींनी परत आणला. तो थांबायला १९६८ उजाडावं लागलं.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन माथर यांना स्पर्धा नको होती. एकच भक्कम कंपनी, तिच्यावर दरांचं नियंत्रण, हे त्यांचं सूत्र. १९२५ मध्ये करींची कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी यांचं सक्तीने लग्न लावलं गेलं. १९२७ मध्ये उभं राहिलेलं अवानी हे त्याच लग्नाचं अपत्य. लाकडी ओंडक्यांसारखं दिसतं, पण आगीच्या भीतीने रंगवलेल्या काँक्रीटचं आहे. माथर यांच्या एकाधिकाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. अरुंद दरीत पाच हॉटेलवाले भांडत बसले असते तर दरीच उरली नसती. चूक पुढे झाली. १९६५ च्या कायद्याने ठेकेदाराला बांधकामावर मालकीसारखा हक्क आणि नूतनीकरणात अग्रक्रम दिला. जागा लोकांची राहिली, पण तिथून ठेकेदाराला हलवणं जवळजवळ अशक्य झालं. १९७३ मध्ये हॉलिवूडच्या एमसीए कंपनीने योसेमिटीचा ठेकाच कंपनीसकट विकत घेतला. सरकारला मिळणारा वाटा होता एकूण उलाढालीच्या पाऊण टक्का.

१९९० मध्ये जपानच्या मात्सुशिताने एमसीए घेतली तेव्हा अमेरिका खडबडून जागी झाली. 'आमची योसेमिटी परदेशी हातात' असा गहजब झाला. पाऊण टक्क्याचा गहजब मात्र त्याआधीच व्हायला हवा होता. त्या गोंधळातून १९९३ मध्ये डेलावेअर नॉर्थ आली. इमारती सरकारच्या झाल्या, हे चांगलंच झालं. पण जुन्या कंपनीची मत्ता नव्या ठेकेदाराने ६ कोटी १५ लाख डॉलरना घ्यायची, असं ठरलं, आणि त्या मत्तेत डोळ्यांना न दिसणारी मत्ताही धरलेली होती. २००२ च्या सुमारास डेलावेअर नॉर्थने हॉटेलांच्या नावांची व्यापारचिन्हं नोंदवली. ठेका गेल्यावर २०१५ मध्ये ती न्यायालयात गेली. आमच्या मत्तेची किंमत ५ कोटी १० लाख, असं तिचं म्हणणं. सरकारी अंदाज ३५ लाखांचा.

कंपनीचा युक्तिवाद निराधार नव्हता. तिला घ्यायला लावलं, म्हणून तिने विकायला काढलं. दोष त्या करारावर सही करणाऱ्यांचा आहे. आणि 'अवानी' हे नाव तर मुळात दरीत राहणाऱ्या अवानीची लोकांचं. त्यांना १८५१ मध्ये मारिपोसा बटालियनने हाकलून लावलं. या सगळ्या व्यवहारात त्यांना एक पैसा देण्याचा विषयही निघाला नाही.

२०१९ च्या तडजोडीनुसार अॅरामार्कचा १५ वर्षांचा ठेका संपला की नावांचे हक्क विनामूल्य उद्यान सेवेकडे जातील. म्हणजे २०३१ पर्यंत थांबायचं. कॅलिफोर्नियाने मात्र वाट पाहिली नाही. राज्याच्या उद्यानांत कोणत्याही ठेकेदाराला स्थळाच्या नावावर हक्क सांगता येणार नाही, असा कायदा तिथे २०१६ मध्येच झाला. देशातल्या प्रत्येक राष्ट्रीय उद्यानाच्या ठेक्यात हेच कलम शब्दशः यायला हवं, आणि ते नवा करार होण्याआधी यायला हवं.