न दुखण्याचं दुखणं

कोठीच्या खोलीचं गंजलेलं कुलूप काही केल्या उघडत नव्हतं. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड किल्लीशी झटापट करून थकले. तेवढ्यात रुग्णांपैकीच एक लहानखुरा मुलगा पुढे झाला, मी बघतो म्हणाला आणि एका हिसक्यात त्यानं किल्ली फिरवली. त्या एवढ्याशा हातात इतका जोर कुठून आला, याचं नवल डॉक्टरांना वाटत होतं, तोच जमिनीवर रक्ताचा थेंब पडलेला दिसला. किल्लीच्या कडेनं बोट हाडापर्यंत चिरलं होतं. पोराला पत्ताच नव्हता.

ब्रँड यांनी स्वतःच लिहून ठेवलेला हा प्रसंग. १९४६ साली ते तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं झडतात, असाच सगळ्यांचा समज होता. आपल्याकडच्या खेड्यांत तो अजून पुसला गेलेला नाही. ब्रँड यांनी प्रत्येक जखमेची चौकशी सुरू केली. ही कशानं झाली? कधी झाली? कुणी चुलीवरचं भांडं तसंच उचललेलं असे, कुणाच्या चपलेत खिळा वर आलेला असे. काही जणांच्या बोटाचा तुकडा तर रात्रीत नाहीसा व्हायचा. पहारा ठेवल्यावर कारण कळलं: उंदीर. झोपलेल्या माणसाची बोटं उंदीर कुरतडत होते आणि त्याला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देण्याची पद्धत पडली. औषधोपचाराच्या इतिहासात मांजराला इतकं मानाचं स्थान दुसरीकडे कुठे मिळालं असेल, असं वाटत नाही.

मांस सडत नव्हतंच. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीजवळच्या मज्जातंतूंत ठाण मांडतो आणि तिथली संवेदना मारतो. पुढचं सगळं नुकसान रोजच्या वापरातून होतं. जखम जपली, तर ती चारचौघांसारखीच भरून येते. ती जपायची बुद्धी मात्र आपल्याला दुखण्यामुळेच होत असते.

हे दुखणं नेमकं घडतं कसं? अंधारात पायाची करंगळी पलंगाला आपटली, की आधी एक झणका येतो आणि क्षणभरानं ठसठस सुरू होते. हे दोन वेगळे संदेश असतात. पहिला ज्या तंतूंतून येतो, त्यांना मेदाचं पातळ आवरण असतं. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. दुसरे तंतू बारीक आणि बिनआवरणाचे, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे. तोवर आपण पाय धरून चोळायलाही लागलेलो असतो, आणि चोळल्यानं खरोखरच बरं वाटतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याची उपपत्ती मांडली: मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, स्पर्शाचे जाड तंतू ते ओढून घेतात आणि वेदनेचे संदेश अडतात. या उपपत्तीचे तपशील पुढे बरेच बदलले, पण जखमेकडून निघालेला संदेश जसाच्या तसा वर पोचत नाही, हे पक्कं झालं. मेंदूही वरून फाटक उघडतो, लावतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांना गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जण वेदनाशामक नको म्हणताना आढळले. जीव वाचला, आता आघाडीवरून सुटका, हेही त्या मेंदूंनी हिशेबात धरलं असावं.

वेदना जखमेत नसते, मेंदूत तयार होते, असं म्हटलं की दुखणाऱ्या माणसाला ती थट्टा वाटते. थट्टा अजिबात नाही. मेंदूत तयार झालेली वेदना शंभर टक्के खरीच असते.

मग मज्जातंतू मेल्यावर ती बाहेरून पुरवता येईल का? ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी अभियंत्यांना हाताशी धरून दाब मोजणारे हातमोजे बनवले. दाब जास्त झाला की कानात भोंगा वाजे. रुग्ण ऐकत आणि हातातलं काम तसंच पुढे रेटत. भोंग्याऐवजी काखेत विजेचा झटका द्यायची सोय झाली, तर धोक्याचं काम आलं की माणसं यंत्र बंद करत आणि काम उरकून पुन्हा चालू करत. बरीच वर्षं आणि भरपूर पैसा खर्चून हा प्रयोग सोडून द्यावा लागला. मला तो फसलेला वाटत नाही. वेदना म्हणजे नुसती माहिती असती, तर भोंग्यानं भागलं असतं. ती जबरदस्ती आहे आणि तिचं बटण आपल्या हातात नाही, यातच तिचा उपयोग आहे.

आज आपल्या घराघरांत न दुखण्याची हीच अडचण मधुमेहामुळे शिरली आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली, की लांबचे तंतू आधी खराब होतात, म्हणून सुरुवात तळपायांपासून. आधी मुंग्या, रात्री आग, मग हळूहळू बधिरपणा. गंमत अशी, की आग होते तोवर माणूस डॉक्टरकडे जातो. बधिर झाल्यावर ‘आता बरं आहे’ म्हणून जायचा थांबतो. मग गरम पाण्यात पाय शेकताना कातडी सोलवटते, ऐन दिवाळीत अंगणात पडलेली फुलबाजीची तापलेली तार पायाखाली येते, आणि संध्याकाळी पायमोज्यावर डाग दिसेपर्यंत कळत नाही.

तपासणी साधी आहे. नायलॉनचा एक तंतू, टेकवला की १० ग्रॅम दाबाला वाकणारा, डॉक्टर तळव्याला ठिकठिकाणी लावतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारतात, लागतंय का? वर्षातून एकदा हे व्हायला हवं. घरी रोज रात्री तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा किंवा नातवाला बोलवायचं. पाणी पायानं नाही, कोपरानं तपासायचं. पण हातही बधिर असतील, तर दुसऱ्या कुणाकडून. चप्पल घालण्याआधी उपडी करून झटकायची.

चपलेचाही वेगळा विचार झालेला आहे. कुष्ठरुग्णांसाठी दक्षिणेत मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला तयार करण्यात आल्या, त्यात ब्रँड यांचा मोठा हात होता. तसल्याच एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला आता मधुमेहींना लिहून देतात. दिसायला बेताच्या, त्यामुळे लग्नकार्यात त्या घरीच राहतात. खरी पंचाईत देवळात होते. तिथे चप्पल काढावीच लागते आणि भर दुपारी तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालावी लागते. चालत असेल तिथे जाड सुती मोजे घालावेत, नाहीतर दर्शन सकाळी लवकर उरकावं आणि घरी आल्या आल्या तळवे बघावेत.