फूलवाल्याचं दुकान आणि नफा-तोट्याचं खरं गणित

व्यवसायांचा पाठ शिकवताना आपण सुतार, लोहार, कुंभार सांगतो. फूलवाला बहुतेक वेळा राहून जातो. मुलांना तो मात्र रोज दिसतो.

त्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. मुंबईत दादरचा फूलबाजार, पुण्यात मार्केट यार्ड. खरेदी उजाडायच्या आत उरकावी लागते. झेंडू, शेवंती किलोवर मिळते, गुलाब आणि जरबेरा गड्डीवर. निशिगंधाची गंमत बघा. हारासाठी सुटी फुलं किलोवर, गुच्छासाठी तीच फुलं दांडीसकट नगावर! असं का, हे मुलांनाच विचारा.

दुकानात आल्यावर प्रत्येक फुलाचे लाड वेगळे. गुलाबाच्या दांड्या तिरप्या कापून पाण्यात ठेवतात, खालची पानं काढतात, नाहीतर ती कुजून पाणी खराब होतं. मोगरा ओल्या फडक्यात. त्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच गजरा ओवायचा, कारण संध्याकाळी त्या उमलतात. झेंडूला मात्र जास्त पाणी चालत नाही, भिजलेला झेंडू लवकर काळा पडतो.

आता मुख्य मुद्दा. समजा, 60 रुपये किलोने 10 किलो झेंडू आणला. 600 रुपये झाले, रिक्षाचे 50. विकला 80 रुपये किलोने. मुलं लगेच म्हणतील, किलोमागे 20 सुटले, म्हणजे 200, त्यातून रिक्षा वजा केली तरी 150 नफा. पण 2 किलो फुलं चेपली, नासली. उरलेल्या 8 किलोचे आले 640, खर्च 650. म्हणजे 10 रुपये तोटा, आणि त्यात दुकानाचं भाडं, दोरा, हार ओवणाऱ्या बाईंची मजुरी धरलेलीच नाही. आपल्या पुस्तकातल्या उदाहरणांत माल कधी नासत नाही. म्हणून हार महाग वाटला की आपण 'फुलांचे एवढे पैसे?' असं सहज म्हणून जातो.

वर्गात फूलवाल्याच्या घरचं मूल असेल तर हे गणित त्यालाच फळ्यावर मांडू द्या. आणि ते पहिल्या तासाला पेंगत असेल, तर रागावण्याआधी आज किती वाजता उठलास, एवढं विचारा. बाजारातून माल आला की निवडायला घरातले सगळेच हात लागतात.

दुकान तगतं ते बरंचसं घरोघरच्या पुडीच्या रतीबावर. महिन्याचे पैसे ठरलेले, पण पुडी वाराप्रमाणे बदलते. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा आणि जास्वंद, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. 21 दूर्वांची एक जुडी, अशा 21 जुड्यांच्या हाराला दूर्वा किती? पाढे म्हणून घेण्यापेक्षा हे बरं.

सणाला कमाई मोठी, धोकाही मोठा. दसऱ्यासाठी झेंडू किती उचलायचा, हा अंदाज आदल्या दिवशीच करावा लागतो. त्यात पाऊस आला तर माल भिजतो आणि चांगल्या फुलाचा भाव चढतो. सकाळी गिऱ्हाईक रांग लावतं, दुपारनंतर भाव उतरायला लागतो, संध्याकाळी उरलेला ढीग मिळेल त्या किमतीला द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी दारावर तोरण असतंच, मग नवा झेंडू कोण घेणार?