गियरच्या कुरकुरीचा तपास

सायकलचा गियर खटका देऊनही पालटत नाही, अथवा पालटल्यावर साखळी कुरकुरत राहते, अशी तक्रार उद्भवताच पुष्कळ नवशिके साखळी सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरवरील ‘एच’ व ‘एल’ या दोन स्क्रूंवर चाल करून जातात. वस्तुतः त्या बिचाऱ्यांकडे केवळ सरहद्दीचा बंदोबस्त असतो, म्हणजे साखळी लहान चक्राबाहेर घसरू नये आणि मोठ्या चक्रापलीकडे आऱ्यांत शिरू नये, एवढाच. शिमानोच्या १९८४ मधील ड्युरा-एस संचापासून रूढ झालेल्या, खटक्यागणिक एकेक गियर पालटण्याच्या व्यवस्थेत खरा कसूर बहुधा तारेच्या ताणाचा असतो. नव्या सायकलीत तर तारेचे आवरण जागी बसताच तो आपोआप सैलावतो.

म्हणून मागचे चाक अधांतरी ठेवून, पेडल फिरवीत, साखळी सर्वांत लहान चक्रावर आणावी, एक खटका द्यावा, आणि ती शेजारच्या चक्रावर चढण्यास टाळाटाळ करील, तर तार डिरेलरमध्ये शिरते तेथील बॅरल अ‍ॅडजस्टर, मागून पाहता, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावा. ती अधीरपणे त्याही पलीकडच्या चक्राला घासू लागली, तर सुलट. पाव फेऱ्याहून अधिक घाई करू नये. एवढ्यानेही न भागल्यास गंजलेली तार किंवा, सायकल उजव्या अंगावर पडली असल्यास, डिरेलरला धरून ठेवणारा वाकलेला हँगर यांचा संशय धरावा. हँगर सरळ करणे मात्र माहितगार कारागिराकडेच सोपवावे.