चिखलदऱ्याचा धबधबा पाहायला निघताय? आधी ‘वरचा’ पाऊस पाहा

बोरगाव मेघे (वर्धा) : बद्रीनाथजवळचा वसुधारा धबधबा अनेकांना खुणावतो. पण दोन दिवसांच्या सुटीत वर्धेकरांना जमणारी सहल म्हणजे चिखलदरा. अंतर एका बाजूने साधारण दोनशे किलोमीटर. निघण्यापूर्वी हे वाचा.

कधी जावे?
हिमालयातल्या अनेक धबधब्यांना बर्फ वितळून पाणी मिळते, त्यामुळे ते भर उन्हाळ्यातही वाहतात. सातपुड्यातले धबधबे मात्र पावसावरच जगतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर हाच खरा हंगाम. मुसळधार पावसात दाट धुके असते आणि समोरची दरीही दिसत नाही. पाऊस एक-दोन दिवस ओसरल्यावर गेलात, तर पाणीही असते आणि नजाराही दिसतो.

कसे जावे?
वर्ध्याहून पुलगाव, धामणगावमार्गे बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आहे. पुढे अमरावतीहून परतवाडा आणि तिथून सुमारे ३० किमीचा घाट. स्वतःची गाडी असेल तर पहाटे ५ वाजता निघा. पेट्रोल परतवाड्यातच भरा, थोडी रोकड जवळ ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करा. घाटात नेटवर्क जाते, तिथे यूपीआय कामी येत नाही. त्याच दिवशी परतायचे असेल तर अंधारापूर्वी घाट उतरा. मुक्काम केला तर उत्तम; शनिवार-रविवारी खोली आधी बुक करा.

काय पाहावे?
चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचे चिखलदरा झाले, अशी आख्यायिका आहे. भीमकुंडाचा धबधबा, पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट आणि इंग्रजांनी १८०३ मध्ये जिंकलेला गाविलगड किल्ला एवढे दीड दिवसात होते. इथली कॉफीही चाखा.

पाणी अचानक का वाढते?
धबधब्याचे पाणी वरच्या पाणलोट क्षेत्रातून येते. एक चौरस किमी भागावर ५० मिमी पाऊस पडला, तर ५ कोटी लिटर पाणी होते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर! उतार तीव्र आणि खाली बेसाल्टचा खडक असल्याने त्यातले बरेच पाणी झपाट्याने खाली येते. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर पाऊस सुरू असू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी असेच अचानक वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जणांचा जीव गेला.

हे लक्षात ठेवा
• निघण्याच्या सकाळी हवामान विभागाच्या ‘मौसम’ ॲपवर अमरावती जिल्ह्याचा इशारा पाहा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला.
• विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा.
• पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर लगेच उंचावर जा. चपला, बॅग, मोबाइल घ्यायला मागे फिरू नका.
• रेलिंग ओलांडून सेल्फी नको. शेवाळलेल्या खडकावर महागडा बूटही घसरतो.
• अडचणीत ११२ वर फोन करा. कुठे जाताय, कधी परताल, हे घरी सांगून निघा.

बेत एका आठवड्याने पुढे गेला तरी बिघडत नाही. धबधबा सप्टेंबरपर्यंत तिथेच आहे.