नागझिरा: विजेवाचून राहिलेला मुक्काम

भिलाईच्या सेक्टर ६ मधून निघालं, की राष्ट्रीय महामार्ग ५३ राजनांदगाव आणि देवरी मागे टाकत साकोलीला नेतो. तिथून नागझिरा अभयारण्याचं पिटेझरी फाटक ओलांडलं की पुढे रान. ऐन, धावडा, तेंदू, बीजा. आणि रानाच्या मधोमध तळ्याकाठी वनखात्याची विश्रामगृहं: निलय, मधुकुंज, लताकुंज, लॉग हट.

इथे विजेची तार आलेली नाही. अंधार पडला की कंदील, मेणबत्ती, फार तर सौरदिवा.

१९५९ च्या ४ फेब्रुवारीला भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून रात्रपाळी आणि दिवे यांची सवय झालेल्या गावातल्या माणसाला हा काळोख आधी जड जातो. पण नागझिऱ्याची खरी मिळकत हा काळोखच आहे. सांबर, रानगवे, अस्वलं रात्री तळ्यावर उतरतात. खोलीबाहेर झगझगीत दिवे लागले, तर पाण्याची वाट त्यांना बंद होईल. पंखा नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पाहुण्याला हे समजावून सांगायला हवं. त्याच्यासाठी तार ओढू नये.

मराठी वाचकाला हा मुक्काम ठाऊक झाला तो व्यंकटेश माडगूळकरांमुळे. एकेकाळी बंदूक घेऊन हिंडलेला हा माणूस इथे नुसता बघायला आला, राहिला, आणि १९७९ मध्ये ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं. वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडून मुंगीपासून गव्यापर्यंत सगळ्यांची दखल घेणारं रानलेखन त्यानं मराठीत रुजवलं. पुढे पक्षिनिरीक्षक किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहिले, ‘सखा नागझिरा’ लिहिलं, आणि नंतर पुणं सोडून पिटेझरीलाच घर केलं. मुक्कामाची अशी ओढ फार थोड्या सरकारी विश्रामगृहांच्या वाट्याला आली असेल.

अभयारण्य १९७० चं, जेमतेम १५३ चौरस किलोमीटरचं. २०१३ मध्ये नवेगाव, कोका आणि नवीन नागझिरा जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, गाभा साडेसहाशे चौरस किलोमीटरवर गेला. त्याच वर्षी इथला ‘जय’ हा वाघ उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला. वाघाला हिंडायला एवढी मोकळीक लागते. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून मात्र तोच महामार्ग ५३ जातो, आणि रात्री त्यावरून ट्रक थांबत नाहीत.