फोड कातडीवर, मूळ मेंदूत?

क्रांती चौकाजवळ राहणाऱ्या आमच्या शेजारच्या आजोबांना पक्षाघातानंतर दोन वर्षांनी अंगभर टणक, पाण्याचे फोड आले. घरच्यांनी ‘उष्णता’ म्हणून सब्जा सुरू केला. आजार निघाला बुलस पेम्फिगॉइड. यात प्रतिकारशक्ती त्वचेचे दोन थर सांधणाऱ्या बीपी १८० आणि बीपी २३० या आपल्याच प्रथिनांवर उलटते. याच प्रथिनांची रूपं मेंदूतही असतात. इजा झालेल्या मेंदूत ती उघडी पडतात आणि मग हल्ला कातडीवर होतो, असा तर्क आहे. मला तो पटतो, पण अजून सिद्ध नाही. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन असलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, हे मात्र पक्कं. अनेकदा नुसती खाजच आधी येते, कित्येक आठवडे. अशा वृद्धाची खाज थांबत नसेल, तर फोडांची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं आणि पक्षाघाताचं आवर्जून सांगावं.