आपल्या वस्तीतले दिव्यांग : हक्क, सोयी आणि शेजार

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वस्त्या सकाळीच रिकाम्या होतात. मागे राहतात म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि ज्यांना उठता-बसता येत नाही असे दिव्यांग. काही घरांत अशा माणसाजवळ ताट-पाणी ठेवून बाहेरून कडी लावली जाते. कडी लावताना आईचा जीव तुटतोच, पण मजुरी बुडवली तर चूल पेटत नाही. आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा या आया एकच विचारतात, "माझ्यामागं याचं कोण करील?" या प्रश्नाचं उत्तर थोडं कायद्यात आहे, थोडं योजनांत आहे आणि थोडं आपल्या शेजारात आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी किंवा संस्थेत राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. घरात आणि वस्तीत राहण्यासाठी लागणारी मदत, मदतनीससुद्धा, तिला मिळावी म्हणून शासनाने प्रयत्न करायचे आहेत.

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. आंधळेपणा, बहिरेपणा, हातापायाचं अपंगत्व एवढंच त्यात येत नाही. मनोविकार, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व हेही येतं. विदर्भातल्या आपल्या घरांसाठी महत्त्वाचं म्हणजे सिकलसेलचा आजारही त्यात आहे. ज्याचा रिपोर्ट 'एसएस' आहे, त्याने दिव्यांगत्वाची तपासणी जरूर करून घ्यावी. 'एएस' म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, त्याला हे प्रमाणपत्र लागत नाही.

पहिलं काम : प्रमाणपत्र

आधार कार्ड, फोटो आणि रहिवासी पुरावा घेऊन स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा. मोबाइलवर जमत नसेल तर सेतू केंद्रातून करता येतो. मग जिल्हा रुग्णालयात डॉक्टर तपासणी करतात आणि टक्केवारी ठरते. त्यानंतर मिळतं ते यूडीआयडी कार्ड, ते देशभर चालतं. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. जुने केसपेपर, एक्स-रे, औषधाच्या चिठ्ठ्या फेकू नका, तपासणीला सोबत न्या. कार्डासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

कार्ड आल्यावर कुठे जायचं?

तहसील कार्यालय : संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज इथे होतो. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये दरमहा झाली. उत्पन्नाचा दाखला लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं.

ग्रामपंचायत किंवा नगर परिषद : स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. यंदा तो किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आधी गावातल्या दिव्यांगांची नोंद झाली आहे का, ते पाहा.

जिल्हा परिषद समाजकल्याण विभाग : दिव्यांगांच्या योजनांची चौकशी इथे करावी. तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, कुबड्या, कॅलिपर यांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मापं घेण्याची शिबिरं भरतात. तारीख आशाताईंना विचारून ठेवा.

शाळा आणि अंगणवाडी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. मान धरत नाही, बसत नाही, आवाजाकडे वळत नाही, हे जितकं लवकर कळेल तितका व्यायामाचा उपयोग होतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाताच येत नसेल तर विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची सोय मागा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. असा मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. "माझ्यामागं कोण?" या प्रश्नाचा हा एक पक्का कागद आहे. आईबाप धडधाकट असतानाच तो करून ठेवावा.

घरची काळजी

अंथरुणावर असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. कंबर, टाच, खुबा रोज पाहा. कातडी लाल झाली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर ती बेडसोरची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, वजन पडू देऊ नका, नर्सताईंना दाखवा. भरवताना बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवा. आडवं पाडून भरवलं तर घास श्वासनळीत जातो. सांधे रोज हळूहळू हलवा, नाहीतर ते आखडतात.

शेजाऱ्यांनी काय करायचं?

दोन तासांनी कूस बदलायची तर कडी लावून जाता येत नाही. मजुरीवर गेलेल्या आईच्या जागी शेजार लागतो. महिला मंडळाने आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात. दुपारी एक चक्कर, पाणी, दोन शब्द. विहाराच्या पायरीशेजारी सिमेंटचा उतार करा, म्हणजे सायकल आत येईल आणि तो माणूसही चारचौघांत बसेल. वस्तीतल्या एका शिकलेल्या पोराने सगळ्या दिव्यांगांची यादी करावी : कोणाकडे कार्ड आहे, कोणाचा अर्ज कुठे अडला. चार-पाच घरं मिळून एकाच दिवशी तहसीलला जावं. एकट्या आईला उद्या या म्हणणं सोपं असतं, पाच जणींना तसं परत पाठवता येत नाही. अर्ज दिला की पोच घ्या. तरीही दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा ही यादी करायला घ्या. कडी लावलेलं घर तिच्यात पहिलं लिहा.